बोटीचा फोन

त्या काळ्या काचेशी माझं पहिल्या दिवसापासून जमलं नाही.

आमच्या बोटीला आधी साधी बटणं होती. सुकाणूच्या बाजूला एका ओळीत बसवलेले धातूचे छोटे दांडे. वर केला की चालू, खाली केला की बंद. भोंग्याचा दांडा ताठ होता, अंगठ्याने चांगला जोर लावावा लागे. वायपरचा ढिला, नुसती बाही लागली तरी पडायचा. केबिनच्या दिव्याचा वापरून वापरून टोकाला गुळगुळीत झालेला. घरी जायच्या वेळी मी त्या ओळीवरून तळहात फिरवायची. सगळे दांडे खाली लागले की निघायची. बघायची गरजच पडत नसे. मी नोकरीभर दवाखान्यात एक्स-रे काढले, म्हणजे जन्मभर भिंतीआड उभी राहून "श्वास रोखा, हलू नका" म्हणत बटणच दाबत आले. दाबलेलं बटण दाबलं गेलंय हे हाताला कळावं, एवढीच माझी त्याच्याकडून अपेक्षा असते.

आमच्या चिरंजीवांना ते पटलं नाही. मागच्या वर्षी तो आला होता तेव्हा त्याने ती अख्खी ओळ काढायला लावली आणि तिथे एक काळी गुळगुळीत काच बसवून घेतली. सगळं इलेक्ट्रॉनिक. काचेवर चित्रं उमटतात आणि चित्रावर हात टेकवला की काम होतं, असं सांगतात. हात ओला असला तर होत नाही. समुद्रावर कोणाचा हात कोरडा असतो, हे त्या काचेच्या बापालाच ठाऊक. उलट लाटेचा शिंतोडा उडाला की ती स्वतःच्या मनाने दिवा लावून मोकळी होते. आणि पंप बंद करायला गेलं की विचारते, बंद करायचा का? हो म्हटलं की पुन्हा विचारते, नक्की? नवऱ्याने सगळ्या संसारात मिळून मला एवढ्यांदा विचारलं नव्हतं.

त्यात त्या काचेच्या मागे फोनचं सिम बसवलेलं. बोटीत काय चालू आहे आणि काय बंद आहे ते सगळं लेकाला त्याच्या शहरात बसून त्याच्या फोनवर दिसणार. मी म्हटलं, छान, उंटावरून शेळ्या हाकायची सोय झाली. तो हसला. मी काहीही बोलले की तो हसतो. लहानपणापासून त्याला वाटतं की आई बोलते ते गंमत म्हणूनच.

बोट आमची लहान, दोन माणसं झोपतील एवढ्या केबिनची. ती मी चालवायची. नवऱ्याला धक्क्यावर बांधलेल्या बोटीतसुद्धा मळमळायचं, पण प्रत्येक वेळी यायचा, तोंड पाडून थर्मास घेऊन मागच्या बाकावर बसायचा आणि किनारा दिसेनासा झाला की "आता पुरे ना?" म्हणायचा. त्याच्यावर मी इतकी चिडायचे. तो गेल्यापासून मी बोट एकदाही सोडली नाही. दोर बांधलेलेच. मी रोज सकाळी धक्क्यावर जाते, केबिनचा दिवा लावते, पुसापुशी करते, बॅटरी बघते, मागच्या बाकावर बसते आणि दुपारी घरी येते. "आता पुरे ना" म्हणणारं कोणी नाही, त्यामुळे लांब जाण्यात काही अर्थ उरला नाही.

घरी तर सगळा आनंदच. कित्येक दिवस असे जातात की दुकानात "पिशवी नको" म्हटलं तेवढाच माझा आवाज मला ऐकू येतो. बोलायला जावं तर घसा बसलेला असतो, न बोलून. टीव्हीशी भांडते मी, पण तो कुठे उत्तर देतो.

लेकाचा फोन रविवारी येतो. म्हणजे यायचा. तो फोन टेबलावर ठेवून बोलतो आणि मागे भांड्यांचे आवाज येत असतात. "कशी आहेस?" "मजेत." "काही हवंय?" "काही नको." मग नातीला बोलावतो. तिचं नाव काहीही असो, आम्ही तिला पिल्लू म्हणतो. पिल्लू येते, "आजी हाय, आजी बाय" एका श्वासात म्हणते आणि पळते. संपला रविवार.

मी आपणहून फोन करत नाही. केला तर तो पहिल्या घंटेला उचलतो आणि घाबऱ्या आवाजात म्हणतो, "काय झालं?" काही झालेलं नसतं. आता काही झालेलं नसताना माणसाने फोन का केला, याचं काय उत्तर द्यायचं? म्हणून मी म्हणते, "चुकून लागला," आणि ठेवून देते.

अशात एके दिवशी मी नळाला पाइप लावून बोटीची फरशी धूत होते. खाली बोटीच्या तळाकडे जायचं झाकण असतं, ते मी उघडं टाकलं होतं, माझंच अर्धवट लक्ष. पाणी भरभर आत गेलं. तळाचा पंप आपोआप सुरू झाला. बोटीत पाणी साठलं की तो उपसून बाहेर फेकतो, आधीही फेकायचा. आधी त्याला एक तरंगता स्विच होता. पाण्याबरोबर वर उचलला जायचा, पंप चालू करायचा, पाणी संपलं की खाली बसायचा. कुणाला काही सांगत नसे. आता त्या जागी सेन्सर होता, आणि सेन्सर पोटात काही ठेवत नाही.

माझा फोन वाजला. कामाचा दिवस, भर दुपार. लेकाचं नाव बघून मी हातातला पाइप खाली टाकला.

"आई, कुठे आहेस तू?"

"बोटीवर. का रे?"

"बोटीत पाणी शिरतंय! माझ्याकडे सूचना आली. तू बाहेर ये आधी, धक्क्यावर ये."

मी काय घडलं ते सांगितलं. त्याचा जीव भांड्यात पडला तो मला इकडे ऐकू आला. पण त्याने फोन ठेवला नाही. म्हणाला, "पंप थांबेपर्यंत मी आहे लाइनवर. पूर्ण उपसलं गेलं की सांग." मग आम्ही दोघं पंप थांबायची वाट बघत राहिलो आणि वाट बघता बघता बोललो. त्याची कंबर दुखते म्हणे, दिवसभर बसून. त्याचा साहेब जेवताना मिटक्या मारतो. पिल्लूचा पुढचा दात पडला, तो तिने शाळेत नेऊन सगळ्यांना दाखवला आणि हरवून आली. मी म्हटलं, दात हरवणारी आमच्या घराण्यातली ती दुसरी, पहिले तिचे आजोबा, त्यांची कवळी अजून सापडली नाही. तो एवढा हसला की त्याच्या ऑफिसात कोणीतरी विचारलंसुद्धा. मागे भांडी वाजत नव्हती. त्याचं सगळं लक्ष माझ्याकडे होतं. पंप थांबला तेव्हा मला वाईट वाटलं.

पुढच्या वेळी मी झाकण मुद्दामच नीट लावलं नाही.

त्याच्या पुढच्या वेळी सरळ बादली घेतली. लपवायचं काय त्यात. धक्क्यावरच्या नळावर भरायची, झाकण उघडायचं, ओतायचं. हळूहळू मला त्यातलं कसब कळलं. सगळी बादली एकदम रिकामी केली तर पंप गटकन उपसून टाकतो आणि मोकळा होतो, सूचनासुद्धा जात नाही. सावकाश, बारीक धारेने ओतत राहायचं. म्हणजे पंप चालत राहतो, आणि पंप चालत राहिला की लेक बोलत राहतो. एका हातात फोन, एका हातात बादली, आणि आवाजात काळजी. "गळती कुठून आहे कळत नाही रे." खांदा भरून यायचा. पण समुद्राचं पाणी मी कधी वापरलं नाही. खाऱ्या पाण्याने आतल्या वायरी कुजतात, बोटीचं वाटोळं व्हायला वेळ लागत नाही. खोटं बोलायचं ठरवलं होतं, बोटीला इजा करायची नव्हती.

त्या दिवसांत मी बरी होते, हे सांगते. घसा मोकळा असायचा. घरी येऊन जेवायची इच्छा व्हायची. आज ओतावं का उद्या, याचा विचार करण्यात सकाळ चांगली जायची. मला ठाऊक होतं की मी जे करते आहे ते शहाण्या माणसाचं काम नाही. तरी केलं, कारण त्याचा आवाज मला हवा होता आणि दुसरा रस्ता मला येत नव्हता.

शेवटी त्याचा धीर सुटला. एका दुपारी म्हणाला, "आता पुरे झालं. मी शनिवारी येतो. स्वतः बघतो."

त्या आठवड्यात मी बोटीवर नुसता दिवा लावून लगेच परत यायची, बादलीला हातसुद्धा लावला नाही. घर झाडलं. त्याची खोली उघडली, गादी उन्हात टाकली, त्याला लागते तशी चपटी उशी शोधली. पडदे धुतले. बाजारातून एवढं सामान आणलं की दुकानदार म्हणाला, "पाहुणे वाटतं?" मी म्हटलं, "पाहुणे कसले, मुलगा येतोय." त्या दिवशी पिशवीसुद्धा घेतली.

शुक्रवारी त्याचा मेसेज आला. येणं जमत नाही, काम निघालं. ज्याने ते काचेचं पॅनेल बसवलं त्या माणसाला पाठवतो, तो गळती शोधेल. नाही सापडली तर बोट विकून टाकू आई, हा धोका नको.

मी पडदे परत लावले. ओलेच होते.

तो माणूस, म्हणजे टेस्टर. वीज तपासायचा टेस्टर कायम कानावर खोचलेला असतो म्हणून सगळा धक्का त्याला त्याच नावाने हाक मारतो. पन्नाशीचा, जाडजूड, बोलणं बेताचं. मागच्या वर्षी त्यानेच माझी बटणं उचकटली होती आणि त्या दिवशी मी त्याला नाही नाही ते बोलले होते. त्यामुळे आला तो जरा अंतर राखूनच.

"काय काकू, कुठून येतंय पाणी?"

"ते शोधायलाच तुला बोलावलंय ना?"

तो गुडघ्यावर बसला, झाकण उघडलं, आत बॅटरीचा झोत टाकला. पंपाने उपसलं तरी तळाशी थोडं पाणी राहतंच. त्याने करंगळी बुडवली आणि जिभेला लावली. हे त्याचं नेहमीचं. कोणाच्याही बोटीत पाणी दिसलं की तो आधी चाखतो. समुद्राचं असेल तर तोंड वाकडं होतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. ते वाकडं झालं नाही.

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे मला कसं सुचलं नाही? इतकी हुशारी केली, पाणी सावकाश ओतलं, आवाजात काळजी आणली, आणि बोटीची काया सांभाळायच्या नादात पाणी मात्र गोडं घातलं.

त्याने पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं झाकण काढून पाहिलं. काठोकाठ भरलेली. खिडक्यांच्या रबरावरून हात फिरवला, कोरड्या ठाक. पाऊस तर कित्येक दिवसांत नव्हता. मग तो कंबरेवर हात ठेवून उभा राहिला आणि बाहेर बघू लागला. बाहेर नळ होता आणि नळावर माझी बादली पालथी घातली होती. टेस्टरने फडक्याला हात पुसले.

"काकू, चहा आहे?"

थर्मास होता. आम्ही मागच्या बाकावर बसून चहा घेतला. तो फुंकर मारून पीत होता, माझ्याकडे न बघता. मी मनात त्याला शिव्या द्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही. कप खाली ठेवून त्याने लेकाला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"साहेब, बघितलं. बोट ठणठणीत आहे. गळती नाही."

"मग पाणी?"

"पाणी नेहमी तळाला राहतं तेवढंच होतं. सेन्सर खराब झालाय. उगाच बोंबलत होता."

मी टेस्टरकडे बघितलं. त्याने कानावरचा टेस्टर काढला, उलटसुलट केला आणि परत खोचला. माझी लाज राखण्यासाठी तो माणूस स्वतःच्या कामाला बट्टा लावून घेत होता, कारण तो सेन्सर त्यानेच बसवला होता.

"बापरे, सुटलो!" लेक म्हणाला. "मग एक काम करा. ते सगळं काढाच. सेन्सर, स्क्रीन, सगळं. जुना तरंगता स्विच बसवा आणि तिची ती जुनी बटणं मिळाली तर बघा."

"आहेत माझ्याकडे. गाडीतच आहेत. काकू तेव्हा एवढ्या चिडल्या होत्या की टाकायची हिंमत झाली नाही."

लेक हसला. "आई, ऐकतेस ना? जिंकलीस बाई तू. वर्षभर त्या स्क्रीनच्या नावाने शंख करत होतीस. घे, तुझी बटणं तुला परत."

मी "हं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? वर्षभर ज्याला त्याला सांगत फिरले की मला माझे दांडे परत द्या. आता देत होते. टेस्टरने चांगुलपणा केला, लेकाने चांगुलपणा केला, आणि दोघांनी मिळून माझ्या हातातला एकुलता एक धागा तोडला. तरंगता स्विच वर जाईल, खाली बसेल, कोणाला काही सांगणार नाही. मग पुन्हा रविवार, पुन्हा "आजी हाय, आजी बाय".

"चला, ठेवतो मग," लेक म्हणाला.

"सेन्सर चांगला आहे," मी म्हणाले.

"काय?"

"टेस्टर खोटं बोलतोय, माझ्यासाठी. पाणी मी ओतत होते."

तो हसायला लागला. "आई, काहीही काय!"

"हसू नकोस. बादलीने ओतत होते. त्या नळावरून भरून. पहिल्या वेळी खरंच चुकून गेलं होतं, त्यानंतर प्रत्येक वेळी मीच."

टेस्टर उठला आणि बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दोराच्या गाठी बघू लागला. त्या गाठी मीच बांधलेल्या होत्या, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"का?" लेकाने विचारलं.

"तू फोन करायचास म्हणून."

तिकडे एक दार बंद झाल्याचा आवाज आला. तो कुठेतरी बाजूला गेला असणार.

"मागच्या वेळी मी गाडीत होतो," तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "पिल्लू मागे बसली होती. सूचना आली तशी गाडी बाजूला घेतली. ती विचारायला लागली काय झालं, म्हटलं आजीच्या बोटीत पाणी शिरलंय. तिला पोहायच्या वर्गाला नेत होतो आई. त्या दिवसापासून ती पाण्यात उतरत नाही."

मला हे माहीत नव्हतं.

"दर वेळी तो आवाज वाजला की माझे हातपाय गार पडायचे. म्हणून म्हटलं काढा ते. तुला साधा फोन करता येत नव्हता?"

"तू कामात असतोस."

"मी कामातच असतो. बोटीचा निरोप आला की उचलत होतो ना? मग आईचा उचलला नसता?"

"उगाच कशाला त्रास," मी म्हणाले.

हे म्हणायला नको होतं. तोंडातून निघून गेलं. आणि तो भडकला. लहानपणी रागावला की त्याचा आवाज चिरका व्हायचा, तसाच झाला.

"त्रास! बाबांच्या वेळी पण हेच. मी फोन केला तेव्हा काय म्हणालीस? जरा पोट बिघडलंय, येऊ नकोस, उगाच त्रास. दवाखान्यात होते बाबा. तू तिथूनच बोलत होतीस माझ्याशी. मी पोचलो तेव्हा काय उरलं होतं?"

खरं होतं ते. मला वाटलं होतं उठेल तो, चार दिवसांत घरी येईल, मग सांगू हसत हसत. जन्मभर लोकांना श्वास रोखा म्हणून सांगितलं, माझा मी कधी सोडलाच नाही.

"ते पॅनेल मी बोटीसाठी बसवलं असं वाटतं तुला?" तो म्हणाला. "बोट गेली खड्ड्यात. तू रोज तिथे एकटी जातेस. उद्या पडलीस, चक्कर आली, तरी तू मला सांगणार नाहीस. म्हटलं निदान बोट तरी सांगेल. रोज सकाळी ऑफिसला पोचलो की आधी फोन उघडून बघतो, तुझ्या केबिनचा दिवा लागलाय का. लागला की कामाला लागतो. रविवारी काय विचारायचं ते सुचत नाही मला, कारण तू मजेतच असतेस. कायम मजेत."

मागे कोणीतरी त्याला हाक मारली. तो "आलो" म्हणाला, मग माझ्याशी, थकलेल्या आवाजात, "तुला हवं ते बसवून घे आई. तुझी बोट आहे." आणि फोन ठेवला.

टेस्टर गाठी बघून परत आला. माझा चेहरा बघून त्याने आपला फोन हळूच उचलून खिशात टाकला.

"काकू, मी चुकीचं बोललो का? मला वाटलं..."

"नाही रे बाबा. तू भलं केलंस."

"मग काय करू? ठेवू हे? सेन्सर तर चांगलाच आहे."

मी त्या काचेकडे बघितलं. कोपऱ्यात केबिनच्या दिव्याचं चित्र पिवळं झालं होतं, म्हणजे चालू. वर्षभर मी तिला शिव्या घातल्या आणि वर्षभर ती रोज सकाळी माझ्या लेकाला सांगत राहिली की तुझी आई आली बरं का. मी जे सांगायला हवं होतं ते. ठेवली असती तर तिने पुढेही सांगितलं असतं, आणि मी पुढेही मजेतच राहिले असते.

"काढ," मी म्हणाले.

"पण मग त्यांना दिवा दिसणार नाही."

"माहीत आहे. काढ तू."

तो गाडीकडे गेला. जुनी ओळ एका फडक्यात गुंडाळून ठेवली होती त्याने, दांडे पुसलेले. काम चालू असताना मी बॅटरीचा झोत धरून बसले. त्याने काच काढली तेव्हा तिच्या मागून वायरींचा एक बारीक झुपका निघाला, तो कापताना त्याने माझ्याकडे एकदा बघून घेतलं. मी मान हलवली. दुपारपर्यंत सगळं झालं. तरंगता स्विच बसला, पंप चालवून दाखवला, तळाशी उरलेलं माझं पाणी बाहेर फेकलं गेलं. टेस्टर गेला. जाताना म्हणाला, "काही लागलं तर हाक मारा काकू." लोक म्हणतात तसं.

मी ओळीवरून तळहात फिरवला. भोंग्याचा ताठ, वायपरचा ढिला, सगळे जिथल्या तिथे. खूप आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. बोट पहिल्यांदाच मला अगदी मुकी वाटली, आणि धक्क्यावरसुद्धा कोणी नव्हतं. मला भयंकर एकटं वाटलं. नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा एवढं वाटलं नव्हतं, तेव्हा निदान घरात माणसं होती.

मी फोन काढला आणि लेकाचा नंबर लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. घंटा वाजत राहिली आणि मग त्याने कट केला. थोड्या वेळाने मेसेज आला.

मीटिंगमध्ये आहे. सगळं ठीक ना?

असल्या प्रश्नाला माझं उत्तर इतकं पाठ आहे की अंगठा आपोआप तिकडे गेला. "हो, ठीक" लिहून झालंसुद्धा. तो एवढा चिडला होता, तरी विचारत होता. मी लिहिलेलं पुसलं. मग चष्मा लावला, एकेक अक्षर शोधत पुन्हा लिहिलं, आणि परत वाचून न बघता पाठवून दिलं.

नाही. मला एकटीला करमत नाही.